कर्णबधिर मुलीचा चालताना तोल जातो – कोणती तपासणी करावी? मदत हवी आहे

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. लहानपणीच एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठीचं यंत्र) ऑपरेशन करून बसवलं. बोलणं, अभ्यास छान चाललाय. काळजी आहे ती चालण्याची.

तिने मान उशिरा धरली, बसायलाही वेळ लागला आणि दीड वर्ष उलटून गेल्यावर पहिलं पाऊल टाकलं. तेव्हा "अशी मुलं चालतात जरा उशिरा" एवढंच ऐकायला मिळालं. आता पळतेसुद्धा, पण पाय फाकवून. वाळूत किंवा गादीवर पाय पडला की कोलमडते. अंधारात तर भिंत धरूनच चालते. एका पायावर धड उभी राहत नाही, सायकल जमत नाही. चालता चालता मैत्रिणीशी खुणांनी बोलायला लागली की रस्ता सोडून तिरकी जाते. चक्कर येते का, विचारलं तर नाही म्हणते.

पायांची हाडं, स्नायू तपासून झाले, तिथे काही दोष नाही. पण शाळेत हल्ली खेळाच्या तासाला तिला बाजूला बसवतात आणि ती ते मुकाट्याने मान्य करते. हे मला सहन होत नाही. याचा कानाशी संबंध असेल का? असेल तर कुणाकडे जायचं? आणि यात सुधारणा होते का?

प्रतिसाद १

ताई, मी मुलांची फिजिओथेरपी करते. संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. ऐकण्याचा कॉक्लिया आणि तोलाचा अवयव अंतर्कर्णात एकमेकांना लागून असतात. दोन्हींत द्रव तोच आणि मेंदूकडे जाणारी आठवी मज्जातंतूही एकच. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याचं सांगतात, तर दोन छोट्या पिशव्या डोकं कलल्याचं आणि सरळ हलल्याचं. अंतर्कर्णातल्या दोषामुळे बहिरेपण आलेल्या बऱ्याच मुलांत हा भागही कमकुवत असतो. सगळ्यांत नाही, कारणावर अवलंबून असतं. कनेक्सिन २६ जनुकातल्या दोषात तोल सहसा शाबूत राहतो. मेंदूज्वर किंवा गर्भात सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूचा संसर्ग झाला असेल तर मात्र तो बिघडलेला आढळू शकतो.

चक्कर न येण्याचं कोडं वाटायला नको. दोन्ही बाजू जन्मापासून सारख्याच कमकुवत असतील तर मेंदूला परस्परविरोधी संदेश जातच नाहीत, म्हणून गरगरत नाही. मूल डोळे आणि पायांखालची जाणीव यांवर निभावून नेतं. अंधार झाला की डोळ्यांचा आधार जातो, गादीवर पायांचा. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. खुणांनी बोलताना नजर समोरच्याच्या हातांवर असते, मग रस्त्याकडे कोण बघणार?

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा ऑडिऑलॉजिस्टकडे 'व्हेस्टिब्युलर तपासणी हवी', म्हणजे कानातल्या तोलाच्या अवयवाची, असं स्पष्ट सांगा. नुसती ऐकण्याची चाचणी करून यातलं काही कळत नाही. व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्टमध्ये खास चष्मा लावून डोकं झटकन थोडंसं वळवतात आणि डोळ्यांची हालचाल टिपतात. व्हेम्प चाचणी ऐकू न येणाऱ्या मुलांचीही करता येते, कारण तिथे मोठ्या आवाजाला किंवा कंपनाला प्रतिसाद देतात त्या तोलाच्या पिशव्या.

सुधारणा होते. गेलेली संवेदना परत आणता येत नाही, पण सरावाने बाकीच्या वाटा पक्क्या होतात: नजर एका अक्षरावर ठेवून डोकं हलवणं, फोमवर उभं राहणं, मान वळवत सरळ रेषेत चालणं. रोज थोडं थोडं, खेळाच्या रूपात आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने. खेळातून काढून टाकणं हा यावरचा अगदी उलटा उपाय आहे. तिला खेळू द्या, फक्त उंचावर चढताना कुणी जवळ असावं.

प्रतिसाद २

मी कर्णबधिर आहे, कॉलेजात शिकतो. मेंदूज्वरात ऐकणं आणि तोल दोन्ही गेले. वरची माहिती बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली: पोहणं. पाण्याखाली पाय टेकत नाहीत, डोळे मिटलेले असले तर वर कुठे नि खाली कुठे हेच कळत नाही. म्हणून तिला पोहायला जरूर शिकवा, पण एकटीला पाण्यात सोडू नका आणि गढूळ पाण्यात किंवा रात्री तर मुळीच नाही. शिकवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

रात्री मी खोलीत मंद दिवा ठेवतो. सायकल मला उशिरा का होईना, जमली.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अंधारात तिला दिसायलाच कमी येत असेल, असंही असू शकतं का?

प्रतिसाद १

हो, आणि हे वेगळं तपासायलाच हवं. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात जन्मतः बहिरेपण, उशिरा चालणं आणि पुढे रातांधळेपणा एकत्र येतात. उशिरा चालली म्हणजे तोच आजार, असं नाही. पण नुसता चष्म्याचा नंबर तपासून तो कळत नाही. नेत्रतज्ज्ञांना दृष्टिपटल तपासायला सांगा, जनुकीय चाचणीबद्दलही विचारा. ती कधी धावताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडली असेल तर मात्र आधी ईसीजी काढा. बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मिळ दोष असू शकतो आणि त्यात वाट बघून चालत नाही.

तोलाचा अहवाल आला की त्याची प्रत शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना द्या. तिला काय करता येतं तेही त्यात लिहून मागा.