मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतला मोडी कागद आणि कान्होजी आंग्रे

नमस्कार मंडळी. आमचं घराणं मूळचं अलिबागकडचं, तीन पिढ्यांपासून गिरगावात. आजोबा नेहमी सांगायचे, आपला मूळपुरुष सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. ते गेले तेव्हा आजीच्या लुगड्याखाली ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. घड्यांवर चिरलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. वर ‘श्री’ आणि खाली ‘शके १७’ एवढंच मला वाचता येतं, पुढचे आकडे फाटलेत.

आता अडचण अशी की अगदी आधीचं, शके १७०० धरलं तरी ते इसवी सन १७७८ होतं, आणि कान्होजी तर १७२९ साली वारले. म्हणजे कागद त्यांच्या काळातला नाहीच, फार तर त्यांच्या वंशजांच्या वेळचा. तरी तो टाकून द्यायला मन होत नाही. आजोबांचं म्हणणं खरं असेल तर पुराव्यानिशी कळावं, नसेल तर तेही कळू दे.

मुंबईत मोडी वाचून देणारं खात्रीचं कोणी आहे का? फोर्टातल्या पुराभिलेखागारात आंग्र्यांची कागदपत्रं बघायची तर अर्ज कसा करतात, की पुण्याचं पेशवे दफ्तरच गाठावं? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत कोणी आपली पिढी शोधली असेल तर आडनाव सांगावं लागतं की गाव? आमचं आडनाव मध्ये बदललंय, म्हणून विचारतेय.

आणि हो, कागद लॅमिनेट करू का? भाऊ मागे लागलाय, माझा जीव धजत नाही.