फवारणीतली विषबाधा: मजुराचा हलगर्जीपणा, की पंपामागं पैसे देण्याची रीत?

धुऱ्यावरून
परवा आमच्या गावात फवारणी सुरक्षेचं शिबिर झालं. मास्क, हातमोजे, चष्मे वाटले. पाहुण्यांचं पालुपद एकच: मजूर काळजी घेत नाहीत म्हणून विषबाधा होते. मला हे मुळातच मान्य नाही.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण भरती झाले, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. नोझल वर धरून मारायचं म्हणजे फवारा तोंडावर अन् छातीवर. बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून बंदी, पण कपाशीवर ते सर्रास चालायचं.

आता मजुराचा दिवस पाहा. आमच्याकडे फवारणीचे पैसे पंपामागं, म्हणजे पाठीवरची टाकी जितक्यांदा भरून मारली त्यावर मिळतात. जितके पंप तितके पैसे. पंप गळतो, पाठ ओली होते, सदरा अंगाला चिकटतो. मोनोक्रोटोफॉसच्या गटातली बरीच औषधं कातडीतूनही आत जातात, तोंडावरचा दुपट्टा तिथं काय करणार? उलट दुपट्टा भिजला की औषध नाकाशीच बसतं. सदरा काढून साबणानं पाठ धुवायला पाहिजे, पण तेवढ्या वेळात दोन पंप बुडतात. आणि वावरात पाणी असतं ते ड्रमपुरतंच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: फवारणी रोजानं द्या, पंपामागं नको.

कोरडवाहू
भाऊ, मी पाच एकरवाला कास्तकार आहो. तुमी मजुराचंच लिहिता, पण मालक बी सोता पाठीवर पंप घेते. एक पंप मजुराचा, एक माझा. विष काय सातबारा पाहून चढते? किट मी आणली होती. भादव्याच्या उन्हात ते प्लास्टिकचं जाकीट अर्ध्या तासात त्यानं बी काढलं अन् मी बी.

रोजाचं म्हणाल, तर पावसाची उघडीप भेटते दोन-तीन तासांची. सावकाश काम झालं अन् वरून पाणी आलं, तर औषध धुवून जाते. पुन्हा औषध, पुन्हा मजुरी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,११० रुपये क्विंटल ठरला, पण दारात येणारा व्यापारी ओलावा दाखवून खालीच मागते. ह्याच्यातून सगळ्या सुरक्षेचा खर्च मीच करू? कास्तकाराले कायले बदनाम करता?

दवाखान्यातली ताई
दादा, बदनामी कुणाचीच नको, पण मी जे रोज पाहते ते लिहिते. माणूस येतो तेव्हा घामानं डबडबलेला, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही ॲट्रोपिन हा उतारा सुरू करतो आणि विचारतो, औषध कोणतं होतं? त्याला माहीत नसतं. ड्रम दुसऱ्यानं कालवलेला, डबा धुऱ्यावर राहिलेला. प्रत्येक कीटकनाशकाला उतारा नसतो, म्हणून नाव कळणं फार गरजेचं असतं. डबा सोबत आणा, हे आम्ही किती वेळा सांगावं!

आणि जे येत नाहीत त्यांचं काय? दुपारी डोकं गरगरलं, नजर अंधुक झाली, तर लिंबूपाणी पिऊन पुन्हा पंप उचलतात. कारण अर्धा दिवस सोडला तर अर्धे पैसे जातात.

अभ्यासिका
परिस्थितीनं तब्येत बिघडणं फक्त विषापुरतं नाही. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला. सगळ्यांना पक्की नोकरी होती. तरी सर्वांत खालच्या पदावरच्या माणसांत हृदयविकारानं होणारे मृत्यू सर्वांत वरच्या पदापेक्षा तिपटीहून जास्त निघाले, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पूर्ण उलगडला नाही. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचाही तब्येतीशी संबंध आहे. मजुराच्या हातात काय असतं? कधी थांबायचं, कोणतं औषध मारायचं, वारा कुठून आहे म्हणून उद्या या, हे ठरवणं त्याच्या हाती नसतं.

कृषी केंद्रवाला
लंडनच्या बाबूचं आणि आमच्या मजुराचं काय नातं? जहाल औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, सोबत मराठीत पत्रक असतं. मी प्रत्येकाला सांगतो, वाऱ्याच्या उलट मारू नका, तंबाखू खाऊ नका. लोक हात न धुता खर्रा घोटतात. हा हलगर्जीपणा नाही तर काय? सगळं परिस्थितीवर ढकललं तर माणूस स्वतः काहीच शिकणार नाही.

वेचणीवाली
पत्रक मालकाच्या खिशात राहते, भाऊ. अन् सगळे फवारणाऱ्या गड्यावरच बोलता. ड्रमात पाणी आम्ही बाया भरतो, डोक्यावर पाण्याचे हंडे आणून. कालवताना उडते ते आमच्याच हातावर. संध्याकाळी घरच्या गड्याचा सदरा येते, तो मी पोराच्या कपड्यासंगच धुते, कारण बादली एकच आहे. आमची मजुरी गड्याच्या निम्मी, अन् फवारणीच्या हिशोबात आमचं नावच नाही.

धुऱ्यावरून
ताई, हे माझ्या मूळ लिखाणात यायलाच हवं होतं.

कृषी केंद्रवाल्या दादांना एवढंच: गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधाही बसते, मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो दुसऱ्याच्या वावरात फवारताना गेला तर त्याचं घर त्यात बसत नाही. हे तर मजुराच्या हलगर्जीपणातून आलेलं नाही ना?

कोरडवाहू
भूमिहीनाले योजनेत घ्या, ह्याले माझा पूर्ण पाठिंबा. रोजाचं मात्र मले अजून पटलं नाही. उघडीप दोन तासांची असंन तर काय करायचं, ते सांगा.

दवाखान्यातली ताई
दोन तासांना दोघं लावा, दादा, आळीपाळीनं. एक फवारतो तोवर दुसरा पाठ धुतो. वावरात एक घागर फक्त धुण्याची ठेवा, ड्रमापासून दूर. साबणाची वडी तुमच्या खर्चात जड नाही. दुसऱ्या माणसाच्या मजुरीचं काय करायचं, ते ग्रामसभेत मांडू या. मी येते.