मणक्याच्या दुखापतीनंतर ९ वर्षांनी पायांचे झटके एकदम वाढलेत, मदत हवी आहे

नमस्कार, माझ्या भावाला ९ वर्षांपूर्वी मणक्याला मार लागला, टी१० लेव्हल, म्हणजे छातीमागचा दहावा मणका, व्हीलचेअरवर असतो. पाय ताठ व्हायचे, झटके यायचे पण बॅक्लोफेन (स्नायू सैल करायची गोळी) आणि रोजचं स्ट्रेचिंग यावर इतकी वर्षं निभावलं. गेल्या २ महिन्यांत मात्र इतके वाढलेत की बेडवरून खुर्चीत घेताना दोन्ही पाय सरळ ताठ होतात आणि तो पुढे घसरतो, मग मी गुडघ्यामागे हात घालून दाब धरून बसते तेव्हा कुठे हळूहळू सुटतात. उजवी टाच तर आता फूटरेस्टला टेकतच नाही, पोटरी आखडून पंजा खाली वळलाय. मधे माझ्या आजारपणात स्ट्रेचिंग राहिलं, त्याचं फार वाईट वाटतं.

फिजिओ म्हणाले झटके अचानक वाढले की आधी शरीरात कुठे काही खुपतंय का बघा, त्याला कळलं नाही तरी स्नायू दाखवतात. म्हणून युरिन कल्चर केलं, बेडसोर, पोट साफ होतंय का, पायाची नखं रुतलीत का सगळं बघितलं, काही नाही. डोस वाढवला तर दिवसभर पेंगतो. आणि गोळी एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, असंही बजावलंय.

पण खरी भीती वेगळीच आहे. परवा त्याच्या डाव्या हातातून पाण्याचा ग्लास सुटला. त्या बोटांना गरम-थंडही नीट कळत नाहीये, खोकला आला की मानेत कळ जाते. हात तर दुखापतीच्या वर ना? एक डॉक्टर म्हणाले चाकं ढकलून मनगटात नस दबली असेल. मी वाचलं की मज्जारज्जूत पाण्याची पोकळी होते, सिरिंक्स म्हणतात, ती कित्येक वर्षांनीही होऊ शकते आणि वर सरकते. कुणाच्या घरी असं झालंय का? एमआरआय फक्त मारापुरता करायचा की पूर्ण मणक्याचा? टाचेसाठी बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करायच्या इंजेक्शनचा, उपयोग झालाय का कुणाला?

प्रतिसाद: ताई, टाचेचं नंतर बघू, हाताचं आधी. माझ्या नवऱ्याला सिरिंक्सच निघाला होता. मानेपासून खालपर्यंत पूर्ण एमआरआय करा, आत रॉड-स्क्रू असतील तर ते आधीच सांगा. तोवर दम रोखून जोर लावणं, जड उचलणं बंद. बोटॉक्सने ताठरपणा सैल होतो, पण आखडून आखूड झालेला स्नायू त्याने लांब होत नाही, त्याला स्प्लिंट किंवा प्लास्टर लागतं.

धागाकर्ती: खूप आभार. रॉड आहेत, जुने ऑपरेशनचे कागद काढून ठेवलेत. उद्या सकाळीच न्यूरोसर्जनकडे नेते. दम रोखायचा नाही म्हणजे हातांवर जोर देऊन स्वतः उठणंही बंद का? तो ऐकत नाही हो, दिवसातून दहादा तसाच उठतो.