रॉबिन्सन सोडून बाकीच्यांचं काय? मायनर लीगबद्दल माहिती पाहिजे

खानापूरकर:
मंडळी, गावच्या वाचनालयात पोरांसमोर खेळ आणि वर्णभेद यावर बोलायचंय. अमेरिकेच्या बेसबॉलमधला जॅकी रॉबिन्सन ठाऊक आहे, १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडनं मोठ्या लीगमध्ये खेळलेला काळा खेळाडू. पण खालच्या लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये, गावोगाव खेळणाऱ्या काळ्या खेळाडूंचं काय झालं? कुणी वाचलं असेल तर सांगा की.

टिळकवाडी_पिचर:
दादा, डेव्ह हॉस्किन्सचं सांगा पोरांना. रॉबिन्सन पण मायनरमधनंच वर गेला, १९४६ ला मॉन्ट्रियल रॉयल्स या टीमकडनं पहिल्याच मॅचला चार हिट, त्यात एक होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा), पण मॉन्ट्रियल पडलं कॅनडात, तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेत तसं नव्हतं. टेक्सास लीगमध्ये पहिला काळा खेळाडू आला १९५२ ला, तो हा हॉस्किन्स, डॅलस ईगल्स टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. ही पण मायनर लीगच. दक्षिणेतल्याच श्रीव्हपोर्ट शहरात मॅच होती तेव्हा त्याला तीन चिठ्ठ्या आल्या, डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) बसलास तर गोळी घालू, मैदानात उतरलास तर गोळी घालू, बॉल टाकायला उभारलास तर गोळी घालू. त्यानं मॅनेजरला सांगितलंच नाही, सांगितलं तर खेळवणार नाहीत म्हणून, आणि गेला बॉल टाकायला!! त्या सीझनला २२ मॅच जिंकून दिल्या. मला तर हा माणूस फार मोठा वाटतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

निपाणीकर:
हँक ॲरन पण घ्या, तो पण काळा बेसबॉल खेळाडू. १९५३, जॅक्सनव्हिलची टीम, सॅली लीग, ही दक्षिणेतली मायनर लीग. सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू ठरला, पण गोऱ्या पोरांच्या हॉटेलात त्याला खोली नाही, वस्तीतल्या काळ्या कुटुंबांकडं राहायचं.
आणि खानापूरकर, पोरांना जवळचं पाहिजे असेल तर पळवणकर बाळू सांगा, दलित समाजातला क्रिकेटचा बॉलर, जन्म आपल्या धारवाडचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरच्या वर विकेट, आणि पुण्यात त्याच्याच टीमवाले चहा द्यायचे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. बॉल त्याच्या हातचा चालतो, कप चालत नाही.

खानापूरकर:
बाळू धारवाडचा हे माहीतच नव्हतं, नक्की घेतो. हॉस्किन्स पुढं वर, मोठ्या लीगमध्ये, गेला काय?

टिळकवाडी_पिचर:
गेला की, १९५३ ला क्लीव्हलँडकडनं, ९ जिंकल्या ३ हरल्या. दोन सीझनच मिळाले पण. तुम्ही त्या श्रीव्हपोर्टच्या मॅचला जास्त वेळ द्या.