अनुभव धागा : तुमच्या छंदाचे खण कसे पडले?

मंडळी, गेल्या पावसाळ्यात आपल्या गटात एका ताईंनी भाजीचा फोटो टाकून विचारलं होतं, "लेकरानं कच्चीच खाल्ली, चालते का?" उत्तर आपल्याजवळ होतं. एका काकांनी आधीच्या वर्षी पानाच्या, देठाच्या फोटोसकट नीट समजावून दिलं होतं. पण ते कुठं ठेवलं हे आठवेना. वीस मिनिटं मी फोन वरखाली करत बसलो. लेकरू ठीक होतं, भाजी चिवळ निघाली. पण ती वीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा काढतो आहे. रानभाजी असो, पक्षी असो की बियाणं, तुम्ही वर्गवारी कशी केली, कुठं मोडली, पुन्हा कशी बसवली, ते हात राखून न ठेवता लिहा.

साकोलीकडून

माझं रानभाज्यांचं टिपण दोनशे पानी वहीत आहे. आधी नावाच्या पहिल्या अक्षरावर लावलं. तीसेक भाज्यांपर्यंत छान चाललं. मग पुण्याला दिलेल्या नणंदेनं टाकळ्याचा फोटो पाठवला आणि मी तो नवीन समजून 'ट'मध्ये चिकटवला. तो आपला तरोटाच! 'त'मध्ये आधीच बसलेला. पुढे काटवल आणि करटोलीचं तेच, धोपा आणि अळूचं तेच.

भाचा म्हणाला, मामी, शास्त्रीय नावानं लाव, ते बदलत नाही. लावलं. तर जुन्या पुस्तकात तरोटा 'कॅसिया टोरा' आणि नव्यात 'सेन्ना टोरा'. ते नावही घर बदलतं म्हणायचं.

आता एका झाडाला एक पान. वर माझ्या गावातलं नाव ठळक, खाली बाकी सगळी नावं, दोन्ही शास्त्रीय नावांसकट. वहीच्या शेवटी सूची केली: 'टाकळा – तरोटा पाहा', 'करटोली – काटवल पाहा'. ही सूचीच वहीचा जीव आहे. वही मागायला येणारी बाई आपलं नाव घेऊन येते, माझं नाही.

घोळ आणि चिवळ मात्र मुद्दाम वेगळ्या पानांवर ठेवल्या. दोन्हींचं शास्त्रीय नाव 'पोर्टुलाका'नंच सुरू होतं, पण घोळीचं पान रुंद आणि मांसल, चिवळीचं बारीक, अंगानं जमिनीला चिकटलेली. बाजारात दोघींचे ढीग वेगळे. मग माझ्या वहीत एक कशाला करू?

आर्वीकडून

आम्ही खण पाडलेच नाहीत. फोटोखाली तारीख, गाव आणि पाहणाऱ्याचं नाव, एवढं सक्तीचं. हे तीन असले की पुढं कसंही लावता येतं. हे नसलं तर कितीही सुंदर कप्पा करा, आत काय आहे ते दोन वर्षांनी कळत नाही.

नागभीड तालुक्यातून

मला धानाचं बी जमवायचा नाद आहे. काचेच्या बरण्या, प्रत्येकीत ओंजळभर. पहिल्यांदा रंगानं आणि दाण्यानं लावल्या: बारीक, जाड, लालसर, काळपट कुसाचा. दिसायला देखणं, पण बी मागायला आलेला शेतकरी रंग विचारत नव्हता. तो विचारायचा, "उंच बांधीत होते का? पाणी लवकर सरते तिथं." (बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.) मग मांडणी बदलली. हलका, म्हणजे लवकर निघणारा धान वरच्या फळीवर, मध्यम मधल्या, भारी, म्हणजे उशिरा निघणारा खाली, आणि प्रत्येक बरणीला चिठ्ठी की बांधी उंचवट्याची की खोलगट. त्या दिवसापासून बरण्या रिकाम्या होऊ लागल्या आणि सुगीनंतर भरून परत येऊ लागल्या.

एक बरणी कोणत्याच फळीची नाही. तिच्यावर 'वेगळं दिसलं' असं लिहिलं आहे. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात 'पटेल ३' धानात काही लोंब्या निराळ्या पाहिल्या, त्या बाजूला काढून वाढवत नेल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ झाला. त्यांनी ते कणीस आपलं 'पटेल ३'च आहे म्हणून त्याच पोत्यात टाकलं असतं तर? ज्याचा खण नाही त्याला जागा पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. माझ्या त्या बरणीत आज अकरा पुड्या आहेत. नऊ बहुधा काहीच नसतील.

धारणीकडून, शिक्षक

आमच्या शाळेत पोरांचा पक्ष्यांचा तक्ता आहे. 'दिवसाचे' आणि 'रात्रीचे' असे दोन भाग होते. घुबडं सरळ रात्रीच्या बाजूला. एकदा सातवीतला मुलगा म्हणाला, "सर, मी पिंगळा उन्हात पाहिला, सरडा धरून बसला होता." मी त्याला सांगितलं की तू चुकला असशील. हे मला आजही बोचतं. साधा ठिपक्यांचा पिंगळाही दिवसा दिसतोच, आणि रानपिंगळा तर बराचसा दिवसाच वावरतो, आणि तो आमच्या मेळघाटात आहे. १८८४ नंतर ज्याचा पत्ता नव्हता, जो संपला असं धरलं होतं, तो १९९७ साली शहाद्याकडं पुन्हा सापडला. पोरानं काय पाहिलं ते आता सांगता येत नाही, पण मी पाहण्याआधीच माझा तक्ता पाहिला.

आता तक्त्यात 'कुठं बसला होता' आणि 'काय करत होता' हे दोन रकाने आधी भरतात. नाव शेवटी. पिंगळा असला तर नाव लिहिण्याआधी डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत हे पाहायचं. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. नावाच्या रकान्यात कोरकू नाव आधी, मराठी नंतर. ते पोरंच घरून विचारून आणतात. आणि घरट्याची जागा कोणत्याच रकान्यात नाही. ती फक्त माझ्या खिशातल्या डायरीत.

वाशीम जिल्ह्यातून

माह्या सासूले लिहिता-वाचता येत नाही, पण रानातली भाजी तिच्याइतकी कोणालेच ओळखू येत नाही. मी फोनात गट पाडले होते: पालेभाजी, फळभाजी, कंद, फुलं. तिले दाखवलं त म्हणे, "हे कायले? मृगाची कोणती अन आर्द्राची कोणती, थे सांग." मी रात्रभर तेच घोकत राहिली. खरंच तर हाय. तरोटा मृगाचा कोवळा, पुढं पान निबर होते. काटवल पुष्य-आश्लेषात. ७ जूनच्या आसपास मृग लागला की तिचे पाय वावराच्या धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, वळते. आता माह्या फोनात नक्षत्रायचे गट हायेत. ती नुसतं म्हणते, "आर्द्रा काढ," अन मी काढून देते.

गोंदियाकडून

आम्ही सारस पाहतो. नोंदी तलावानुसार लावतो, कारण जोडी वर्षानुवर्षं त्याच परिसरात परतते. धानाच्या बांधीत घरटं दिसलं तर त्या शेतकरी भावाला आधी सांगतो, नोंद मग.

यवतमाळ जिल्ह्यातून

मी गटाचे सत्तावीस विभाग केले होते. फुलपाखरांचे चार, कोळ्यांचे तीन. महिनाभरात लोकं बोलायची थांबली. एक सत्तरीचे काका रोज पहाटे आवाजात निरोप पाठवायचे, "आज धुऱ्यावर बुलबुलची जोडी." मी तो निरोप त्यांना न विचारता 'पक्षी, उपविभाग ब'मध्ये हलवला. काकांना वाटलं, आपलं बोलणं काढून टाकलं. आठ दिवस आवाज आला नाही. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, माफी मागितली. आता विभाग पाच आहेत आणि सहावा 'धुऱ्यावरून' फक्त काकांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या पहाटेसाठी. काही हलवायचं असलं तर आधी फोन.

कुरखेड्याकडून

सात्या ही अळंबी वारुळावर उगवते, आमच्याकडं तिच्यासाठी लोकं पहाटे रानात जातात. पण अळंबी ओळखणं फोटोवर होत नाही, आणि चुकलं तर माणूस जातो. म्हणून आमच्या गटात 'अळंबी' या खणात एकच कायमची ओळ आहे: "फोटो पाहून कोणी हो म्हणणार नाही. टोपली घेऊन आजीकडं या, नाहीतर खाऊ नका." मागच्या आषाढात पाच जण टोपल्या घेऊन आले. आजीनं एक टोपली पूर्ण ओतून टाकली.