रीम, दस्ता, ताव : मोजायचे की तोलायचे?

फोंड्याहून :
जत्रेतल्या नाटकाची स्मरणिका छापायची म्हणून कागदाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘अठरा पॉइंट सहाचो दिवूं काय सोळाचो?’ मला वाटले, किलोचा हिशेब. म्हटले, ‘पाच किलो द्या.’ आतला पोरगा फिस्सकन हसला. हा आकडा कशाचा? आणि शाळेत मास्तर ‘दस्ताभर कागद आण’ म्हणायचे, तो दस्ता म्हणजे किती?

म्हापशाहून :
हसू द्या हो त्याला, भाई. आकडा किलोचाच, पण एका रिमाचा. रीम म्हणजे 500 ताव (अख्खे कागद), ही झाली मोजणी. तावाचा आकार ठरलेला असला की रिमाच्या वजनावरून जाडी कळते, म्हणून धंद्यात वजनच कागदाचे नाव होऊन बसले. 23×36 इंची ताव 58.5×91 सेंटिमीटर भरतो. लांबी, रुंदी आणि जीएसएम (म्हणजे चौरस मीटरभर कागदाचे ग्रॅम) यांचा गुणाकार करा, 20,000ने भागा. 70 जीएसएमला 18.6 किलो, 60ला जवळजवळ 16.

गोम पुढेच आहे. तोच 70चा कागद 20×30 इंची घ्या, रीम साडेतेरा किलोच भरते. जाडी तीच, नाव वेगळे! म्हणून मी पावतीवर जीएसएम लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

झेरॉक्सच्या कागदाचे सोपे. 16 ए4 जोडले की एक चौरस मीटर, तेव्हा 80 जीएसएमचा एक कागद 5 ग्रॅम, 500 कागदांचे पाकीट अडीच किलो. 75चे 2.34. शंका आली तर वेष्टन काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. आषाढात मात्र काटा थोडा जास्त दाखवील. आपल्याकडची हवा कागदात शिरते, तेवढे पाणी फुकट.

मडगावहून :
दस्ता 24 तावांचा. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. खलातला दस्ताही तोच, मुठीत धरायचा. असे 20 दस्ते म्हणजे जुने 480 तावांचे रीम. पुढे रीम 500चे झाले, तसा दस्ताही काही ठिकाणी 25चा झाला. गंमत म्हणजे पोर्तुगीजांतही 25 तावांना ‘मांव’ म्हणजे हातच म्हणतात, आणि 20 हातांचा ‘रेज्मा’. हा रेज्मा मूळचा अरबी ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा. इंग्रजी रीमही त्याच घराण्यातले. भारतातला पहिला छापखाना 1556मध्ये गोव्यातच आला, तेव्हा रेज्मा इथे रीमच्या आधी पोचला असे मी धरतो.

ताव म्हणजे न कापलेला अख्खा कागद. जेवणावर मारतात तो ताव वेगळा, कृपया त्यात गुंतू नये.

म्हापशाहून :
स्मरणिका किती पृष्ठांची? 23×36च्या तावाच्या चार घड्या घातल्या की 16 पाने, 32 पृष्ठे. 64 पृष्ठांना प्रतीमागे दोन ताव, अडीचशे प्रतींना नेमके एक रीम. पण मशीन लावताना ताव वाया जातात, जादा घ्या.

फोंड्याहून :
घेतले. ऐटीत म्हटले, ‘70 जीएसएम, एक रीम, वर दोन दस्ते.’ मी 48 धरून होतो, त्याने 50 मोजून दिले. वर म्हणाला, ‘पन्नास ताव म्हण रे, दस्तो कोणाक कळटा आतां?’