प्रतिसाद: २८०० एमएएचचे सेल की २००० चे?

वर रिचार्जेबल (पुन्हा चार्ज करता येणाऱ्या) सेलबद्दल '२८००चे सेल त्याच भावात मिळतायत, मग २०००चे कशाला?' असं विचारलंय. घरच्या वापरासाठी माझं मत २०००च्या बाजूने. नुसता एमएएचचा आकडा (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो) बघू नका, पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' (म्हणजे पडून राहिला तरी चार्ज कमी उतरणारा) किंवा 'रेडी टू यूज' लिहिलंय का ते बघा. साध्या निकेल मेटल हायड्राइड (या रिचार्जेबल सेलचा नेहमीचा प्रकार) सेलचा चार्ज वापर नसतानाही आपोआप उतरतो. बीपीचं मशीन दोन महिन्यांनी कपाटातून काढलं की नेमकं मान टाकतं, ते त्यामुळेच. सान्यो कंपनीने २००५मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले (आता ते पॅनासॉनिकचे), ते हाच दोष कमी करायला. एनेलूपमध्येही जास्त क्षमतेचा 'प्रो' प्रकार आहे, पण साध्या पांढऱ्या एनेलूपपेक्षा तो आयुष्यात बऱ्याच कमी वेळा चार्ज करता येतो. फ्लॅशगन वापरणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा.

चार्जरवर मात्र कंजुषी नको. जोडीनेच चार्ज करणारे, ठरावीक तासांनी बंद होणारे स्वस्त चार्जर चांगल्या सेलची वाट लावतात. प्रत्येक सेल स्वतंत्र तपासून थांबणारा घ्या.

हे सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे काही यंत्रं बॅटरी संपत आल्याची खूण लवकर दाखवतात; घाबरू नका, बऱ्याचदा पुढेही चालतात. जुने-नवे एकत्र घालू नका. आमच्याकडे मार्कर पेनाने सेलवर जोडीचा नंबर आणि खरेदीचं वर्ष लिहिलेलं असतं, नाहीतर मुलं रिमोटमधला काढून गाडीत घालतात.

भिंतीवरच्या घड्याळाला साधा, रिचार्ज न होणारा सेलच पुरे. वर्षभर चालतो, तिथे हा खर्च वसूल होत नाही.